‘खरा हिरो’ पुरस्कारासाठी माणूस निवडायचा कसा? निकष सुचवा

मंगळवारपेठ_तालीम

मंडळी, रामराम.

येत्या २६ जूनला, शाहू जयंतीला, कोल्हापुरातल्या आमच्या तालमीतर्फे ‘आजचा खरा हिरो’ म्हणून एका व्यक्तीचा सत्कार करायचा ठरलाय. नावं मागवली, पाच आली. नऊ जणांची समिती आहे, पण दोन आठवडे झाले तरी एकमत होत नाही. नावं इथं लिहीत नाही, कामं सांगतो.

पहिला, पुराच्या पाण्यात पुलावरून उडी टाकून वाहत जाणाऱ्याला काठाला आणणारा तरुण. दुसरा, गटाराच्या चेंबरमध्ये बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला काढायला उतरला आणि स्वतःही गेला असा कामगार (मरणोत्तर). तिसरे, साठ वेळा रक्तदान केलेले गृहस्थ. चौथी, गावात विधवा प्रथा बंद करण्यासाठी ग्रामसभेत ठराव आणणारी ताई. पाचवा, गरिबांना धान्य वाटून त्याचे व्हिडिओ टाकणारा मुलगा, त्याचे लाखभर फॉलोअर आहेत.

तरुण पोरांचा कल उडीवाल्याकडे, वयस्कर मंडळींचा रक्तदानाकडे. काही जण म्हणतात, जो जिवाची पर्वा करत नाही तोच हिरो, बाकी सगळे चांगले नागरिक. या पाच कामांची तुलना करायची कशी? गुण द्यायचे तर कशाला किती? ज्याला ज्या कामातलं कळतं त्यानं त्यावर लिहावं ही विनंती.

महापूर_स्वयंसेवक

पहिल्या नावाबद्दल लिहितो, कारण असल्या सत्काराचे फोटो बघून पुढच्या पावसाळ्यात पोरं पुलाच्या कठड्यावर चढतात.

बुडणाऱ्याला भान नसतं. जे हाताला लागेल ते खाली दाबून तो वर यायला बघतो, मग ते लाकूड असो नाहीतर वाचवायला आलेल्याचं डोकं. म्हणून बचावाचा क्रम ठरलेला आहे. आधी काठावरून काहीतरी लांबवून धरायचं: बांबू, शिडी, साडी. ते पोचत नसेल तर तरंगणारं काही फेकायचं. तेही जमत नसेल तर बोट. पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, अंगात लाइफ जॅकेट आणि काठावर तयार माणसं असतील तरच.

फेकायला घरातलं काय चालतं हे सगळ्यांना माहीत पाहिजे. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, पाण्यात साधारण पाच किलोची उचल देतो. दोन कॅन कानांतून एकत्र बांधले की दहा किलो, म्हणजे चांगल्या लाइफ जॅकेटच्या तोडीची. पाण्यात माणसाचं वजन फार थोडं भरतं, तोंड वर राहण्यापुरता आधार मिळाला तरी जीव तगतो. कॅनला पंधरा-वीस मीटर दोर लावायचा. नायलॉनचा दोर बुडतो, सुती भिजून जड होतो. पॉलिप्रॉपिलीनचा, आठ-दहा मिलिमीटर जाडीचा दोर तरंगतो, तो घ्या. त्याची गुंडाळी करून ठेवली तर ऐन वेळी गुंता होतो. पिशवीत वरून सुटा भरत जायचा, म्हणजे फेकताना आपोआप सुटत जातो.

दोराचं आपल्याकडचं टोक हाताला गुंडाळायचं नाही, कमरेला तर नाहीच. वाहत्या पाण्यात बांधलेला माणूस ताण बसला की खाली ओढला जातो आणि ताणलेली गाठ सुटत नाही. ओढताना खाली बसायचं किंवा पोटावर झोपायचं. उभ्यानं ओढणारा झटक्यासरशी आत जातो.

आणि पाण्याची ताकद डोळ्यांना कळत नाही. जोरात वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाचा पाय उचलतं, ३० सेंटीमीटरला छोटी मोटार तरंगायला लागते, ६० सेंटीमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. ‘गुडघाभरच आहे, जातंय निवांत’ म्हणणाऱ्याला रस्त्यावर अडवून उभा राहणारा माणूस यादीत कधीच नसतो.

काठाला आणल्यावर पुढं काय केलं, हेही त्या तरुणाला विचारा. पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढत बसणं ही आपल्याकडची सगळ्यात महाग चूक आहे. त्यात मिनिटं जातात आणि पोटातलं बाहेर येऊन श्वासनलिकेत जातं. हाक मारून, खांदे हलवून बघायचं. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर एकानं १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच सुरुवात करायची. बुडालेल्याचा प्राणवायू संपलेला असतो, म्हणून आधी तोंडानं श्वास द्यायचे. डोकं मागं, हनुवटी वर, नाक दाबून दोन ते पाच श्वास. मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून ३० दाब, खोली पाच ते सहा सेंटीमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. मग दोन श्वास, पुन्हा ३०. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्याचे दाब उथळ होतात आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. अधूनमधून आचके येतात ते श्वास नव्हेत. ‘जिवंत आहे’ म्हणून तिथंच थांबलेले लोक खूप असतात.

आता माझ्या मते पुरातला हिरो कोण. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत माणसं ४३ झाले तरी निघत नाहीत, त्याचं मोठं कारण जनावरं. दावणीला चार म्हशी असल्या की घरातला एक माणूस मागं राहतो, मग त्याच्यासाठी बोट, मग त्या बोटीसाठी आणखी चार जीव धोक्यात. जो माणूस ३९ फुटांनाच टेम्पो ठरवतो, वैरणीची आणि उंचावरच्या जागेची सोय लावतो आणि शेजाऱ्याच्या दावणीचीही जनावरं आधी हलवतो, त्यानं दोन दिवसांनी लागणाऱ्या बोटीच्या फेऱ्या वाचवलेल्या असतात. त्याच्या वहीत कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण गरोदर आहे, कुणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं, हे जूनमध्येच लिहिलेलं असतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. ते पाणी शहरापाशी यायला काही तास लागतात. एवढाच वेळ हातात असतो आणि तो वापरणाऱ्याचा फोटो निघत नाही.

बोटीतही तेच. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटून माणसं गेली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते. पाण्यात उभ्या असलेल्या, रडणाऱ्या माणसाला ‘आजी, पुढच्या फेरीला या’ असं सांगून बोट हलवायला काळीज लागतं. असा नावाडी तुमच्या यादीत असता तर मी डोळे झाकून मत दिलं असतं.

उत्तरेश्वर_पोरगा

दादा, लिहिलंय ते सगळं खरं, पण त्या घडीला पुलावर ना दोर असतो ना कॅन. माणूस डोळ्यांदेखत चाललेला असतो. तेव्हा जो उडी घेतो त्याच्या काळजाला तुम्ही क्रमवारी लावणार का? जिवावर उदार होणं ही काय साधी गोष्ट आहे?

महापूर_स्वयंसेवक

साधी नाहीच. त्याला दोष देत नाही, त्याच्या धाडसाला हात जोडतो. सरकारही असल्या कामासाठी जीवन रक्षा पदकं देतं, सर्वोत्तम, उत्तम आणि साधं जीवन रक्षा पदक अशा तीन पायऱ्यांची, आणि स्वतःचा जीव किती धोक्यात घातला यावरून पायरी ठरते. तुमची समिती त्याचा प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ शकते, ते जरूर करा.

पण तालमीचा सत्कार बघायला बसलेली दोनशे पोरं त्यातून काय घेऊन जातात, तेही बघायला हवं. पुलावर दोर नव्हता, ही त्या दिवसाची खरी उणीव होती. पुलाच्या दोन्ही टोकांना कुलूप नसलेल्या पेटीत दोन कॅन आणि वीस मीटर दोर ठेवायचा खर्च एका फ्लेक्सपेक्षा कमी आहे. उडी घेतलेल्या तरुणाच्या हस्ते ती पेटी बसवा. परवानगीसाठी आधी पूल ज्या विभागाकडे आहे त्याला पत्र द्या आणि पोच घ्या.

चेंबर_सुरक्षा

दुसऱ्या नावावर लिहिणं अवघड आहे, पण लिहायलाच पाहिजे.

चेंबर, सेप्टिक टँक, गोबरगॅसचा खड्डा, मळीची टाकी, जुनी विहीर, या सगळ्या ठिकाणी मरणाची रीत एकच. पहिला उतरतो आणि कोसळतो. वरच्याला वाटतं पाय घसरला, चक्कर आली. तो दोन पायऱ्या उतरतो आणि त्याच्या अंगावर पडतो. मग तिसरा. बऱ्याच वेळा मेलेल्यांत वाचवायला गेलेले जास्त असतात.

कारण गॅस. कुजलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. दहा लाखांत शंभर भाग झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, आणि ‘वास गेला, गॅस गेला’ असं समजून माणूस उतरतो. सातशेच्या पुढं एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. वरून काठीनं गाळ ढवळला की अडकलेला गॅस एकदम सुटतो, म्हणून झाकण उघडल्यावर ठीक वाटलेली जागा दहा मिनिटांनी मारक होते. विहिरीत डिझेल इंजिन लावलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासच नाही. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत फक्त प्राणवायू कमी आहे का एवढंच सांगते. या दोन विषारी वायूंबद्दल कंदील काही सांगत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडतो. रुमाल, ओला टॉवेल, करोनातला मास्क, यांचा काडीचा उपयोग नाही.

नीट काम करायचं तर झाकणं आधीच उघडून हवा खेळवायची, चार वायू मोजणारं यंत्र दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी वाचन घ्यायचं, प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या अंगात पूर्ण हार्नेस, वर तिपाई आणि कप्पी, म्हणजे तो कोसळला तर वरूनच ओढता येतो, दुसऱ्याला उतरावं लागत नाही. खरं तर माणसानं उतरायचंच नाही, सक्शन आणि जेटिंगच्या गाड्या त्यासाठीच आहेत. माणूस आत पडलाय हे कळल्यावर वरच्यांनी करायचं एकच, अग्निशमन दलाला १०१ वर ‘आत गॅस आहे’ असं स्पष्ट सांगायचं, म्हणजे ते श्वसनयंत्र घेऊन येतात. तोवर इतरांना मागं ओढून धरायचं. सख्खा भाऊ आत असताना दुसऱ्याला कंबरेला मिठी मारून रोखून धरणारा माणूस त्या घरात आयुष्यभर बोलणी खातो. त्यानं एक जीव वाचवलेला असतो.

आता तुमच्या मरणोत्तर सत्काराबद्दल. तो कामगार सहकाऱ्यासाठी उतरला, यात माया होती, सोबत होती. मान द्यायचाच. पण ‘हिरो’ म्हणून फोटोला हार घातला की एक प्रश्न विचारायचा राहतो: त्याला आणि त्याच्या आधीच्याला तिथं बिनसाधनाचं उतरवलं कुणी? हातानं मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, काम ठेकेदाराकडं असलं तरी. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या निकालात दहा लाख भरपाई सांगितली होती, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाख केली. कुटुंबाला ती मिळाली का, हे समितीनं आधी बघावं. नसेल तर एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, वारसाचा पुरावा आणि तो त्या कामावर होता याचं काहीही, हजेरीचा कागद, मजुरी जमा झाल्याचा बँकेचा उतारा, सोबतच्यांचे जबाब, एवढं गोळा करून जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज द्यायला मदत करा. एफआयआरमध्ये ‘अपघाती मृत्यू’ एवढंच लिहून घेतलेलं असतं तिथंच बहुतेक प्रकरणं अडतात, २०१३ च्या कायद्याची कलमं लागली आहेत का ते वकिलाकडून तपासून घ्या. त्या कामगाराच्या घरच्या माउलीला शाल देण्याआधी हा अर्ज हातात द्या.

रक्तपेढी_तंत्रज्ञ

तिसऱ्या नावाची शहानिशा सोपी आहे. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवस, स्त्रीला १२० दिवस अंतर लागतं. म्हणजे पुरुष वर्षाला जास्तीत जास्त चार वेळा देऊ शकतो. साठ वेळा म्हणजे एकही फेरी न चुकवता पंधरा वर्षं. प्रत्यक्षात ताप, दातांचं काम, कावीळ, प्रवास धरले तर वीसेक वर्षं लागतात. दात्याचं कार्ड किंवा रक्तपेढ्यांची प्रमाणपत्रं बघा. तारखांत दोन महिन्यांचं अंतर दिसलं तर ती घाई कौतुकाची नाही, दात्यालाच लोह कमी पडतं. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर आम्ही परत पाठवतो ते त्याच्याच भल्यासाठी.

पण आकड्याइतकंच महत्त्व वेळेला द्या. एका पिशवीतून तीन घटक निघतात. लाल पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लाझ्मा उणे तीस अंशांत वर्षभर, आणि प्लेटलेट फक्त पाच दिवस, तेही सतत हलत्या ट्रेवर. मोठ्या जयंतीला एका दिवसात तीनशे पिशव्या गोळा होतात. सहाव्या दिवशी उरलेल्या प्लेटलेट वाया, दीड महिन्यात लाल पेशीही संपतात. मग मे महिना येतो: कॉलेजं बंद, लोक गावाला, उन्हाचं कुणी शिबिर घेत नाही. थॅलेसेमियाच्या लेकरांना तर दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नाही. दर मेमध्ये फोन केला की जेवण आवरून तासाभरात येणारा दाता आमच्या लेखी सगळ्यात मोठा. तुमच्या गृहस्थांच्या कार्डावर एप्रिल-मेच्या तारखा किती, ते मोजा.

आणखी एक. दात्याचा फॉर्म खरा भरणं हेही धाडसच आहे. मित्रांसोबत शिबिराला आलाय, सगळे बघतायत, आणि गेल्या महिन्यात गोंदवून घेतलंय किंवा काही जोखीम झालीय. संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस तपासणीत तो दिसत नाही. अशा वेळी ‘मी आज देत नाही’ म्हणून उठणारा पोरगा कुणाचं तरी आयुष्य वाचवतो. त्याला चिडवू नका, एवढं तालमीत सांगा.

तुमच्या तालमीत शंभर पोरं असतील तर एका दिवसाचं शिबिर घेऊ नका. पंचवीस-पंचवीसच्या चार टोळ्या करा, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, एक टोळी मे महिन्यासाठी राखून.

शिरोळकर

चौथ्या ताईंबद्दल. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तो शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा महिना होता. करवीर संस्थानात १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता, त्यामुळं शाहू जयंतीच्या सत्काराला हे काम किती जवळचं आहे ते वेगळं सांगायला नको.

लोकांना वाटतं ठराव म्हणजे हात वर केले की झालं. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, विषयपत्रिकेत विषय लिहिलेला असावा लागतो. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घातला तर नंतर कुणीही आक्षेप घेतो. गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा. त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते आणि हा विषय खरा तिथंच ठरतो, कारण मोठ्या सभेत पुरुषांसमोर बायका बोलत नाहीत. ठराव प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, सूचक-अनुमोदकाच्या नावासह लिहिला गेला का, ते त्याच दिवशी ग्रामसेवकाकडून वाचून घ्यायचं आणि नक्कल मागायची.

एवढं सगळं होऊनही ठराव कागदावर राहू शकतो. त्याची परीक्षा कुणाच्या तरी दारात मयत असते तेव्हा. नवरा गेलाय, बाई शुद्धीत नाही, घरात तीस-चाळीस बायका. कुणीतरी थोरली पुढं होते, ती दुष्ट नसते, तिच्यावरही तेच झालेलं असतं. ती मनगट धरते आणि बांगडीवर दगड उचलते. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं पाच मिनिटांत उरकतं. त्या पाच मिनिटांत मध्ये हात घालायचा असतो. ‘मावशी, राहू दे, तिला नंतर विचारू’ एवढंच हळू आवाजात. भांडायचं नाही, कायदा काढायचा नाही, मयताच्या घरी कायद्याची भाषा केली की अख्खं घर उलटतं. ज्यांना जमतं त्या आधीच तयारी करतात. दुखवट्याच्या घरी लवकर पोचायचं, बाईच्या उजव्या-डाव्या हाताला आपल्या दोघी बसवायच्या, घरातल्या एका जाणत्या पुरुषाला, शक्यतो थोरल्या दिराला किंवा सासऱ्याला, बाजूला घेऊन आधीच ‘होय’ म्हणवून घ्यायचं. त्यानं बाहेरून ‘काही काढू नका’ असा आवाज दिला की थोरलीचा हात थांबतो. सासू स्वतः विधवा असेल तर तिला आधी भेटायचं. तिनं मनावर घेतलं तर कुणाची हिंमत नाही.

आणि दहाव्या-तेराव्यानंतर हळदीकुंकवाला तिला बोलावतात का, लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला ती पुढं उभी राहते का, तिथं खरं कळतं. ताईंनी ठराव आणला त्यानंतर गावात किती मयत झाल्या आणि त्यांतल्या किती घरांत हात थांबले, हे विचारा. आकडा तीन असला तरी मोठा आहे.

माझं मत या ताईंना. पुलावरून उडी घेणाऱ्याला पाच मिनिटांनी सगळं गाव खांद्यावर घेतं. हिला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद करतात, पाण्याच्या नळावर बोलत नाहीत, आणि पुढच्या मयतीला ती पुन्हा जाते.

उत्तरेश्वर_पोरगा

हे वाचून गप्प झालो. शिरोळकर, पटलं.

राजाराम_माजी

पाचव्याबद्दल दोनच ओळी. धान्य दिलं हे चांगलंच केलं, पण घेणाऱ्याचा चेहरा दाखवायची गरज काय होती? त्या माणसाची लेकरं शाळेत जातात. चेहरा झाकून आणि हिशेब दाखवून काम चालू ठेवलं तर पुढच्या वर्षी जरूर विचार करा.

मूळ प्रश्न गुणांचा होता. कोल्हापूर सिनेमाचं माहेरघर, ‘हिरो’ म्हटलं की आपल्याला पडद्यावरचा एकटा गडी दिसतो. पण या गावाकडं दुसरंही उदाहरण आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं, ते राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांतून पैसे उभे करून ते घर सोडवलं. आता यातल्या कुणाला किती गुण देणार? म्हणून गुणांची पट्टी सोडा. समितीनं प्रत्येक नावासाठी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत: यानं दुसऱ्याचा धोका कमी केला का, की धोक्यात आणखी एक माणूस घातला? किंमत कुणी मोजली, त्यानं स्वतः की दुसऱ्यानं? आणि कुणी बघत नसताना हे किती वेळा केलं? उत्तराला पुरावा जोडायचा: कार्ड, प्रोसिडिंगची नक्कल, ज्याला वाचवलं त्याचं म्हणणं. पुरावा आणायला दोघांना पाठवा, त्यातला एक जण त्या नावाच्या विरोधातला असावा.

मंगळवारपेठ_तालीम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बैठक झाली. ठरलं ते असं.

मुख्य सत्कार गावच्या ताईंचा, त्यांची संमती मिळाली तर. कामगाराच्या घरी चौघे जाणार, सोबत एक वकील. भरपाईचं बघितल्याशिवाय फोटो-हार नाही. उडी घेतलेल्या तरुणाकडून पुलावर दोराची पेटी बसवायची आणि तालमीत छातीदाबाचं प्रशिक्षण ठेवायचं. रक्तदानाच्या चार टोळ्यांची यादी सुरू झाली, मे महिन्याच्या टोळीत पहिलं नाव त्या गृहस्थांनी स्वतःच लिहिलंय.

दोन शंका आहेत. प्रशिक्षणाला छाती दाबायच्या सरावाचे किती पुतळे लागतात? आणि ताईंना स्टेजवर बोलवायचं तर काय काळजी घ्यायची?

महापूर_स्वयंसेवक

सहा-सात जणांना एक पुतळा. एका तुकडीत तीस जण, पाच पुतळे, अडीच तास. भाषण वीस मिनिटांत उरका, बाकी वेळ प्रत्येकानं दोन-दोन मिनिटं सलग दाबायचं, दोनदा. दोन मिनिटांत घाम फुटतो, तेव्हा कळतं माणूस का बदलायचा. सहा महिन्यांत हात विसरतात, म्हणून डिसेंबरची तारीख आत्ताच ठरवा. त्याच दिवशी अपघातातल्या जखमीला उचलायचंही शिकवून घ्या आणि पोरांना सांगा की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग आपल्या उशाला आहे आणि पोलिसांच्या भीतीनं अजून गाड्या थांबत नाहीत.

शिरोळकर

ताईंच्या बाबतीत एक करा. ज्या घरांत हात थांबले त्या बायकांची नावं माइकवर घेऊ नका, त्यांना स्टेजवरही बोलवू नका, बातमीतही नको. कुणी आपणहून आली तर समोरच्या रांगेत जागा ठेवा. आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला दीप लावायला नेहमी सवाष्णीला बोलवतात, ती यादी आत्ताच तपासून घ्या.